चारशे पेटींची बाग आणि दीडशेचा अंदाज

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदार सोसायटीचं हे प्रकरण. नाव, गाव, माणसं वगळली आहेत आणि आकडेही हलवले आहेत. मात्र आकड्यांची आपसातली नाती मूळ वहीत होती तशीच राहू दिली आहेत. सोसायटी लहान. बहुतेक सभासदांची वीस ते शंभर हापूस कलमं, दोघा-तिघांचीच दीडशेच्या वर. हंगामाआधी खोकी मागवायची, वाशीला जाणाऱ्या गाड्या ठरवायच्या आणि फवारणी-राखणीच्या खर्चासाठी सभासदांना उचल द्यायची, ही सोसायटीची तीन मुख्य कामं. तिन्हींच्या आधी एक प्रश्न सुटावा लागतो: कुठल्या बागेतून किती पेटी येणार?

पूर्वी हे एक जुने तोडणी मुकादम सांगत. फेब्रुवारीत बागेतून फेरी मारायची, मान वर करून चार कलमं बघायची आणि 'तीनेकशे जातील' म्हणायचं. त्यांचा अंदाज बरा असे. पण ते थकले, आणि सोसायटीने तालुक्यातल्याच संख्याशास्त्र शिकलेल्या एका मुलीला हिशेबाला ठेवलं. तिने मोजणीची पद्धत बसवली. बागेतली पाच कलमं निवडायची, कैऱ्या अंड्याएवढ्या झाल्या की मोजायच्या, सरासरीला एकूण कलमांनी गुणायचं. हा एक आकडा. दुसरा आकडा म्हणजे त्या हंगामात बागेने सोसायटीत घातलेल्या पेट्या. पेटी ही तशी लवचिक चीज. फळ मोठं असेल तर चार डझनांत भरते, बारीक असेल तर सहा-सात डझन मावतात. म्हणून तिने सगळं पाच डझनी पेटीत आणून ठेवलं, ते फार बरं केलं.

२०१९ ते २०२१ असे तीन हंगाम मोजणी झाली. चौथ्या हंगामाआधी या जोड्यांमधून एक सरळ रेषा काढली गेली: कैऱ्या आडव्या अक्षावर, पेट्या उभ्या अक्षावर. नव्या वर्षीच्या कैऱ्या त्या रेषेत घालायच्या आणि पेट्या वाचायच्या. रेषीय रिग्रेशन म्हणतात ते एवढंच.

अडचण

फेब्रुवारीअखेर अंदाज तयार झाला आणि उचलीचं पहिलं वाटपही त्यावरूनच झालं. आठवडाभरात १६० कलमांचे एक बागायतदार ऑफिसात येऊन सचिवांसमोर बसले. "भाऊनू, दरवर्सा माझी चारशे पेटी जाता. ह्यो तुमचो संगणक दीडशे कसो म्हणता?" त्यांच्या बागेत त्या वर्षी ४०,००० कैऱ्या मोजल्या होत्या आणि रेषेने १५१ पेट्या सांगितल्या होत्या. त्याच यादीत वीस कलमांच्या एका बाईंच्या नावापुढे १३३ पेट्या होत्या. त्यांची आजवर पन्नाशीच्या वर मजल गेली नव्हती. उचल मात्र १३३ च्या हिशेबाने मिळाली होती. त्या काही बोलल्या नाहीत, आणि का बोलाव्यात?

सचिवांना पहिल्यांदा वाटलं, गृहस्थ उचल वाढवून घ्यायला आलेत. तसं वाटायला कारणही होतं. सगळ्या बागांची बेरीज मागच्या हंगामांशी बऱ्यापैकी जुळत होती, आठेक टक्क्यांचाच फरक. खोकी पुरवणाऱ्याला सांगायचा आकडा बरोबर वाटत होता, मग एका बागेचा कसा चुकेल?

या प्रकरणातली खरी मेख इथे आहे. रेषा सरासरीच्या आसपास ठीक बोलत होती आणि दोन्ही टोकांना साफ खोटं. लहान बागांना फुगवायची, मोठ्यांना दाबायची, आणि दोन्ही चुका बेरजेत एकमेकींना खाऊन टाकायच्या. संचालक मंडळाच्या सभेत बेरीजच वाचली जाते, त्यामुळे तिथे कुणाला काही खटकलं नाही.

दहा बागांवर काय दिसतं

मूळ तक्त्यात ओळी पुष्कळ होत्या आणि चुकाही एकीपेक्षा जास्त. हिशेब हाताने पडताळता यावा म्हणून इथे दहाच बागा घेऊ. पहिला आकडा हजार कैऱ्या, दुसरा पेट्या:

६ – ५८
८ – ८३
१० – ९६
१२ – १२५
१४ – १३७
१५ – १५२
१८ – १७६
२० – २०५
२२ – २१८
२५ – २५०

कैऱ्यांची सरासरी १५ हजार, पेट्यांची १५०. लघुतम वर्गांच्या रीतीने, म्हणजे बिंदूंच्या रेषेपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज सगळ्यात कमी राहील अशी, रेषा काढली तर उतार १०.०१ येतो आणि रेषा जवळजवळ शून्यातून जाते. म्हणजे हजार कैऱ्यांमागे दहा पेट्या, ६०० फळं. बाकीची गळ, माकडं आणि डागी माल. मुकादमांना विचारलं असतं तर त्यांनी हेच प्रमाण बोटांवर सांगितलं असतं.

आता एक चूक घालू. १५ हजार कैऱ्यांच्या बागेच्या पावतीवर पेट्यांऐवजी डझन लिहिले गेले. १५२ पेट्या म्हणजे ७६० डझन, आणि तक्त्यात ७६० गेलं. ही बाग कैऱ्यांच्या बाबतीत बरोबर सरासरीवर आहे, त्यामुळे उतार तसूभरही हलत नाही, १०.०१ च राहतो. पण संपूर्ण रेषा ६१ पेट्यांनी वर उचलली जाते. सहा हजार कैऱ्यांच्या बागेला ६० ऐवजी १२१ पेट्यांचा अंदाज मिळतो. चूक एका बागेच्या पावतीत, भुर्दंड सगळ्यांना. तरी ही चूक प्रामाणिक म्हणायची, कारण ती लपत नाही. तो बिंदू रेषेपासून ५४९ पेट्या वर लटकतो आणि आलेख काढला की आंधळ्यालाही दिसतो.

दुसरी चूक तशी नाही. ७६० काढून १५२ परत ठेवू, आणि शेवटच्या बागेच्या कैऱ्या २५,००० ऐवजी २,५०,००० लिहू. एक शून्य वाढलं. पेट्या २५० च, त्या बरोबर आहेत. आता उतार १०.०१ वरून थेट ०.५२ वर येतो आणि रेषा १३१ पेट्यांपासून सुरू होते. पाच हजार कैऱ्या घाला, १३३ पेट्या. चाळीस हजार घाला, १५१. वरच्या दोघा सभासदांचे आकडे असेच आले.

चुकलेली बाग या नव्या रेषेपासून किती लांब आहे? फक्त साडेनऊ पेट्या. सहा हजारांची बाग, जिची नोंद अक्षर न् अक्षर खरी आहे, ती ७६ पेट्या खाली. बावीस हजारांची, तीही खरी, ७६ पेट्या वर. म्हणजे फरकांची यादी लावली तर गुन्हेगार सज्जनांत बसलेला आणि सज्जन पिंजऱ्यात.

असं का होतं ते लघुतम वर्गांच्या रीतीतच आहे. फ्रेंच गणिती लजांद्रने ही रीत १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी छापली. तिच्यात प्रत्येक बिंदूचं रेषेपासूनचं अंतर वर्ग करून मोजलं जातं, म्हणून दुप्पट लांबच्या बिंदूची ओढ चौपट किमतीची ठरते. आणि जो बिंदू आडव्या अक्षावर बाकीच्यांपासून फार दूर बसलाय, त्याच्या हातात लांब पहारीचं टोक असतं, जरा दाबलं की चिरा हलतो. याला लिव्हरेज म्हणतात. एका चलाच्या रेषेत सगळ्या बिंदूंच्या लिव्हरेजची बेरीज नेहमी २ असते, म्हणजे दहा बागांत प्रत्येकीच्या वाट्याला सरासरी ०.२. आपल्या अडीच लाख कैऱ्यांच्या बागेकडे ०.९९६ होतं. रेषा तिच्याजवळून जाणार नाही तर कुठून जाणार?

१९७३ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी अकरा-अकरा बिंदूंचे चार संच करून दाखवले होते. चारही संचांची सरासरी, उतार, सहसंबंध दशांशापर्यंत सारखे, आणि आलेख काढले की चार वेगळी चित्रं. चौथ्या संचात दहा बिंदू एका उभ्या ओळीत आहेत आणि अकरावा एकटा दूर; सगळा उतार त्या एकट्याने ठरवलेला. आपल्या सोसायटीचा तक्ता या चौथ्या चित्राचा भाऊबंद. आलेख काढला गेला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण एक्सेलमध्ये सूत्र घातलं की आकडा मिळतो, आलेखाची गरज भासत नाही.

समोर कोणते मार्ग होते

मी या प्रकरणात आलो तेव्हा ऑफिसात तीन मतं होती आणि तिन्ही जोरात मांडली जात होती.

हिशेब बघणाऱ्या मुलीचं म्हणणं, फटकून असलेले बिंदू नियमाने काढून टाकू. अभ्यासक्रमात शिकवतात तो नियम: रेषेपासून दोन प्रमाण विचलनांहून लांब असेल ते बाहेर. प्रमाण विचलन म्हणजे बिंदू रेषेभोवती साधारण किती पसरलेत त्याचं माप. वरच्या तक्त्यावर करून पाहा. या रेषेभोवतीचं प्रमाण विचलन ५२ पेट्यांच्या आसपास येतं, म्हणजे १०४ पेट्यांपलीकडचं काढायचं. सगळ्यात लांबची बाग ७६ वर आहे. एकही बाग नियमात अडकत नाही. चुकीच्या शून्याने प्रमाण विचलनच इतकं फुगवलंय की त्याआड कुणीही लपावं. नियम जरा कडक करून दीडवर आणला तरी काही निघत नाही. आणखी आवळला तर पहिल्या बाहेर जातात त्या सहा आणि बावीस हजारांच्या, दोन्ही खऱ्या.

अध्यक्षांचं मत साधं होतं: बंद करा हे, मुकादमांना जीपमध्ये बसवून फिरवून आणा. हे मत हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नव्हतं. मुकादम दुपटीने चुकले असते, पण दहापटीने कधीच चुकले नसते. २,५०,००० कैऱ्या म्हटल्यावर त्यांनी आधी विचारलं असतं, 'कलमं किती?'

तिसरा मार्ग रीतच बदलण्याचा. लघुतम वर्गांऐवजी एका-दोघा खोडसाळ बिंदूंना भीक न घालणारी रीत घ्यायची. थाइल यांनी १९५० मध्ये सुचवलेली आणि प्रणवकुमार सेन यांनी १९६८ मध्ये पुढे नेलेली रीत सोपी आहे: प्रत्येक दोन बागांमधला उतार काढायचा आणि सगळ्या उतारांतला मधला घ्यायचा. दहा बागांच्या ४५ जोड्या होतात. चुकीचं शून्य तसंच ठेवून मी त्या मांडल्या. चुकलेल्या बागेबरोबरच्या नऊ जोड्यांचे उतार एकाच्या खाली पडले, बाकीचे छत्तीस ६ ते १५ च्या दरम्यान, आणि मधला आला ९.८३. लघुतम वर्गांनी ०.५२ दिला होता.

हा आकडा पाहून मुलगी खूश झाली; म्हणाली, मग हीच रीत लावू आणि विषय संपवू. तिथे मी अडलो. रीत बदलून अंदाज सुधारला असता, पण तक्त्यातलं चुकीचं शून्य तिथेच राहिलं असतं. उचलीचा हिशेब, कलमांची नोंद, पुढच्या वर्षीची मोजणी, सगळं त्याच तक्त्यावरून होतं. अशा रीतीचा खरा उपयोग घंटेसारखा करावा: दोन्ही रेषा काढायच्या, आणि त्या एकमेकींपासून फाकल्या की कागद शोधायला उठायचं. दोन्ही जवळजवळ एक आल्या तर नेहमीची रेषा खुशाल वापरावी.

काय केलं

ठरलं असं की एकही ओळ आकड्याकडे बघून काढायची नाही. संशयित ओळींची यादी आकडे देतील, निकाल कागद देईल.

यादीसाठी संख्याशास्त्रज्ञ कुक यांचं अंतर वापरलं, १९७७ पासून वापरात असलेलं माप. एखादी ओळ झाकली तर संपूर्ण रेषा किती हलते ते त्यातून कळतं. १ च्या वर गेलं की लक्ष द्यावं असा ढोबळ संकेत आहे. आपल्या दहा बागांच्या नमुन्यात शून्य वाढलेल्या ओळीचं हे अंतर ९०० च्या पुढे जातं. मूळ तक्त्यात इतकं टोकाचं नव्हतं, पण त्याच ओळी वर तरंगून आल्या.

मग कागद निघाले. पहिल्या ओळीचा निकाल सातबाऱ्याने दिला. तक्त्यात कलमं १,०००, सातबाऱ्यावर क्षेत्र एक हेक्टर. जुनी लागवड दहा बाय दहा मीटरवर असते, हेक्टरी शंभर कलमं. एका हेक्टरात हजार कलमं मावायची तर ती एकमेकांच्या अंगावर उभी करावी लागतील. मोजणीदाराच्या वहीत स्वच्छ अक्षरात '१००' होतं. मोबाइलवर फॉर्म भरताना अंगठा एकदा जास्त पडला होता.

डझन-पेटीची चूक दोन पावत्यांवर मिळाली, दोन्ही एकाच तोडणीच्या दिवसाच्या. त्या दिवशी पॅकिंगला नेहमीचा माणूस नव्हता.

तिसरा प्रकार आकड्यांत चूक म्हणून दिसतच नव्हता. दोन भावांचा सातबारा सामायिक, कलमं वाटून घेतलेली पण कागद एकच. कैऱ्या धाकट्याच्या बागेत मोजलेल्या, पेट्या दोघांच्या एकत्र जमा. हजारामागे दहाऐवजी एकोणीस पेट्या पडत होत्या. गावात कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. तक्त्याला कसं कळणार?

आणि काही ओळी फटकून होत्या, पण बरोबर होत्या. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा बऱ्याच जणांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांना थेट पेट्या पाठवल्या. बागेत आंबा भरपूर, सोसायटीच्या वहीत पेट्या निम्म्या. काही जण दरवर्षीच बारीक माल कॅनिंगला घालतात. या नोंदींत खाडाखोड करण्यासारखं काही नव्हतं. प्रश्नच दोन होते: बागेत किती पिकणार, आणि सोसायटीत किती येणार. खोकी आणि गाड्यांना दुसरा प्रश्न लागू, उचल पहिल्यावर द्यायची की दुसऱ्यावर याचा निर्णय संचालकांचा. आतापर्यंत एकच रेषा दोघांचं उत्तर देत होती.

तौक्तेचं वर्ष

सगळ्यात जास्त वेळ २०२१ वर गेला. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं आणि १७ च्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. ज्यांची तोड उशिराची होती त्यांच्या कलमांखाली दुसऱ्या दिवशी सडा होता. ज्यांचा पहिला मोहोर धरला होता, त्यांचा बराच माल आधीच वाशीला पोचलेला. त्यामुळे त्या वर्षीचे बिंदू रेषेखाली विखुरले होते आणि प्रत्येकाचं विखुरणं वेगळं.

अध्यक्षांना ते वर्ष सरसकट गाळायचं होतं. 'तो काय हंगाम होता? तसं पुन्हा होणार आहे थोडंच.' मुलीला ते ठेवायचं होतं, खरे आकडे कसे काढायचे म्हणून. मला दोघांचंही अर्धं पटलं. वर्ष ठेवलं तर उतार खाली ओढला जातो आणि सामान्य हंगामात खोकी कमी पडतात. गाळलं तर आपण असं मानून चाललो की मे महिन्यात या किनाऱ्यावर वादळ येत नाही. आदल्याच वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने रायगडात श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या होत्या.

निघालेला तोडगा असा: तिन्ही वर्षांच्या पेट्या १५ मेपर्यंतच्याच घ्यायच्या. पावत्यांवर तारखा होत्या, त्यामुळे हे शक्य झालं. वादळाआधीचा २०२१ हा इतर दोन वर्षांसारखाच निघाला, त्याचे बिंदू रेषेवर येऊन बसले. १५ मेनंतरचा माल रेषेतून न काढता वेगळा धरला, आणि खोक्यांची मागणी दोन हप्त्यांत केली. पहिला हप्ता रेषेप्रमाणे, दुसरा मेच्या पहिल्या आठवड्यात झाडावर काय उरलंय आणि हवामान खातं काय सांगतंय ते पाहून. एखादा आकडा का फटकला हे कळलं की तो गाळायचा की ठेवायचा हा वादच बऱ्याचदा उरत नाही; मोजायची गोष्टच वेगळी आखता येते.

परिणाम

दुरुस्त तक्त्यावर रेषा पुन्हा काढली तेव्हा हजारामागे दहा पेट्यांच्या आसपास उतार आला. १६० कलमांच्या बागायतदारांचा अंदाज चारशेवर गेला आणि त्यांची उरलेली उचल देण्यात आली. लहान बागांना जास्त गेलेली उचल परत मागायची की नाही यावर सभा तापली. शेवटी ती हंगामाच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, वळती करायचं ठरलं, तेही दोन हप्त्यांत. वीस कलमांच्या बाईंनी यावर मात्र बोलून घेतलं, आणि त्यांचं बरोबर होतं: आकडा त्यांनी मागितला नव्हता.

१५ मेपर्यंतचा अंदाज त्या हंगामात बहुतेक बागांत चालण्याइतका जवळ आला. जिथे चुकला तिथे थ्रिप्स या बारीक किडीचा त्रास झालेल्या बागा जास्त होत्या, आणि फेब्रुवारीतल्या कैऱ्या पुढच्या थ्रिप्सबद्दल काही सांगू शकत नाहीत. खोकी उरली नाहीत, कमीही पडली नाहीत. याचं श्रेय रेषेपेक्षा दोन हप्त्यांच्या मागणीला जास्त आहे, असं माझं मत.

एक गोष्ट मात्र सुधारलेल्या तक्त्यातही तशीच राहिली. उतार अजूनही थोडा कमीच येत असावा असा संशय आहे, आणि त्याचं कारण कुठलीही एक चुकीची ओळ नाही. मोजणीतच थोडी-थोडी चूक प्रत्येक बागेत आहे. पाच कलमांवरून शंभरांचा अंदाज काढताना इकडे-तिकडे होणारच. आडव्या अक्षावरची अशी विखुरलेली चूक रेषेला नेहमी चपटी करते. वरच्या दहा बागांत कैऱ्यांच्या मोजणीत साधारण तीन हजारांची चूक धरली तर दहाचा उतार आठपर्यंत खाली येऊ शकतो. इथे मधल्या उताराची रीतही मदतीला येत नाही, कारण फटकून कुणीच नसतं. इलाज एकच, जास्त कलमं मोजणं.

आणि कुठली मोजायची तेही. मोजणीदार वाटेलगतची, उन्हाची बाजू असलेली कलमं निवडत होते. तीच हाताशी असतात आणि तीच जास्त धरतात. १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीच्या प्रयोगांबद्दल हेच दाखवलं होतं: नमुन्याचा तुकडा फार लहान घेतला की कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगून येतं. आंब्यात ते फुगणं दरवर्षी सारखंच राहिलं तर रेषा त्याला सांभाळून घेते. मोजणीदार बदलला की सांभाळत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच वर्षीच्या रेषेला उचल बांधायला नको होती. खोक्यांचा अंदाज चुकला तर खोकी गोदामात पडतात, उचल चुकली तर माणसं ऑफिसात येतात. एक हंगाम रेषा आणि मुकादम दोघांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवले असते तर ४०,००० कैऱ्यांपुढे १५१ पाहून कुणीतरी थांबलंच असतं. आता तसं करतात. मुकादम बागेत जात नाहीत, ओसरीवर बसून यादी ऐकतात, आणि कुठल्या नावावर भुवई वर जाते ते मुलगी टिपून घेते.

फॉर्ममध्ये बदल झाले ते किरकोळ पण कामाचे. कलमांची संख्या आता दरवर्षी भरली जात नाही, सातबाऱ्यावरून एकदाच घेतली आहे. पावतीवर डझन आणि पेटी असे दोन रकाने आहेत आणि दोन्ही भरावे लागतात. पाचाचा हिशेब जुळला नाही तर पावती परत. मूळ नोंदींची फाइल कुणी हात न लावता वेगळी ठेवली जाते, दुरुस्त्या दुसऱ्या फाइलमध्ये, तारीख आणि कारणासकट. आधीच्या तीन वर्षांत दुरुस्त्या मूळ आकड्यावरच लिहिल्या गेल्या होत्या, त्यामुळे दोन ओळींचा छडा आजही लागलेला नाही. त्या रेषेत घेतलेल्या नाहीत, तक्त्यात मात्र तशाच आहेत.

सुटलेला नाही तो कॅनिंगचा रकाना. 'कॅनिंगला किती किलो घातले' असा प्रश्न फॉर्ममध्ये आहे आणि निम्मे सभासद तिथे फुली मारतात. विसरले म्हणून नव्हे. उचल घेतलेल्याने माल सोसायटीतच घालावा असा ठराव आहे, आणि कॅनिंगचा खरा आकडा लिहिणं म्हणजे ठराव मोडल्याचं स्वतःच्या सहीने कबूल करणं. ठराव सैल करावा असा प्रस्ताव मुलीने दोनदा दिला. संचालक मंडळातल्या तिघांचा माल कॅनिंगला जातो, आणि प्रस्ताव दोन्ही वेळा पुढच्या सभेवर गेला.